दात हलवतं कोण?

‘सफाई केली की दात हलायला लागतात,’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य. सुईच्या भीतीपेक्षाही त्यानेच जास्त माणसं दंतवैद्याकडे जायची राहत असावीत.

दात उभा असतो हाडाच्या आधारावर. हिरडीच्या कडेला साचलेला जंतूंचा थर लाळेतल्या खनिजांमुळे काही दिवसांत टणक होतो, तेच किटण. हिरडीखाली जंतू आणि किटण वाढत गेलं की सूज येते, हिरडी दातापासून सुटते आणि हाड झिजू लागतं. हे बहुतेकदा न दुखताच चालतं, हीच खरी पंचाईत. दाट किटण शेजारच्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं, तडा गेलेल्या भिंतीला लिंपलेल्या सिमेंटसारखं. ते काढलं की हाड आधीच किती गेलंय ते उघड होतं, आणि आळ येतो सफाईवर. फटीही तशाच: सूज उतरून हिरडी आकसते, म्हणून त्या दिसतात. गार पाणी काही दिवस झोंबतं. पण सुजेमुळे हलणारे दात सफाईनंतर अनेकदा घट्ट होतात.

हिरडीखालची खोल सफाई सगळ्यांनाच लागते, हाही गैरसमजच. हिरडी आणि दात यांच्यातली खाच खुणांच्या बारीक सळईने मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. खाच ४ किंवा त्याहून जास्त असेल, एक्स-रेत हाड उतरलेलं दिसत असेल, तर भूल देऊन मुळांपर्यंतची सफाई करतात, बहुधा एकेका बाजूची. न मोजताच कुणी ती सुचवली, तर आकडे जरूर विचारा.

गोळ्या आणि गुळण्यांनी किटण निघत नाही. मिसरीने हिरड्या घट्ट होतात, ही तर आपल्याकडची जुनी समजूत. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने हिरड्या झिजतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे रोग झाकलेलाच राहतो.

एकदा सफाई केली की काम झालं, असंही नाही. गेलेलं हाड तिने परत येत नाही. उरलेलं टिकवायचं असतं. त्यासाठी साधारण दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, दोन वेळा ब्रश आणि दातांच्या फटींची रोजची स्वच्छता लागते. मधुमेह्यांनी तर हे टाळूच नये: अनियंत्रित साखरेने हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांवर उपचार केल्याने साखर थोडी उतरते, हे अभ्यासांतून दिसलं आहे.