वाघाच्या पोटातला बाजा

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचतात त्या हलगी-पिपाणीच्या जोरावर. अशी वाद्यं एखाद्या प्राण्याच्या पोटातच बसवली तर?

टिपू सुलतानाचा लाकडी वाघ हे त्याचं अस्सल उदाहरण. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इंग्रजांच्या हाती लागला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. सुमारे पावणेदोन मीटर लांबीचा हा वाघ आडव्या पडलेल्या गोऱ्या माणसावर झेपावलेला आहे. बाजूची दांडी फिरवली की आतले भाते चालतात, वाघाच्या डोक्यातली नळी गुरगुरते, माणसाच्या नळीतून विव्हळणं ऐकू येतं आणि त्याचा हात वरखाली होतो. शिवाय कुशीत १८ पट्ट्यांचा छोटा ऑर्गन! एवढी कल्पकता आजही थक्क करते.

वाघाऐवजी आपण जोतिबाचं वाहन असलेला घोडा घेऊ. बांबूच्या सांगाड्यात पीव्हीसी पाइप बसवून मोठा वाजता घोडा घरीही उभा करता येईल. एका टोकाला बंद असलेल्या १ मीटरच्या नळीतली हवा सेकंदाला साधारण ८६ वेळा कंप पावते. लांबी निम्मी केली की कंपनं दुप्पट, म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकात. म्हणून पायांत लांब नळ्या, मानेत आखूड. उघड्या तोंडावर रबरी चपलेची थाप मारायची. पोटावर हलगी लावायची ती मात्र काढता येईल अशी. कारण दमट हवेत कातडं सैलावतं, सूर उतरतो आणि पुन्हा विस्तवावर शेकावं लागतं.