जुन्या जीपचे इंजिन किती तापावे?

माझे काका जुन्या जीपगाड्या दुरुस्त करतात. त्यांनी मला थर्मोस्टॅट समजावून सांगितला. ती पाण्याची झडप असते. आत मेण असते. इंजिनातले पाणी तापले की मेण वितळून फुगते, झडप उघडते नि पाणी गार व्हायला रेडिएटरमध्ये जाते. झडपेवर ८२ लिहिले असेल तर ती ८२ अंश सेल्सिअसला उघडू लागते.

उन्हाळ्यात काही जण ती काढूनच टाकतात. पण इंजिन फार थंड राहिले तर इंधन जास्त जळते आणि इंजिन लवकर झिजते. कमी आकड्याची, ७१ ची बसवली तरी चोंदलेला रेडिएटर पाणी गार करत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तकातलाच आकडा घ्यावा आणि रेडिएटर साफ करावा.

मित्रांनो, गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधी उघडू नका! उकळते पाणी अंगावर उडते.