पन्नाशीनंतर पुन्हा पायडल

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी भाड्याने सायकली मिळतात. घेणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, तशीच पन्नाशी-साठी ओलांडलेली मंडळीही असतात. कुणाची सायकल नोकरी लागल्यावर सुटलेली, कुणाची लग्नानंतर. सुरुवातीचे काही फूट हँडल डावीउजवीकडे हेलकावतं, पाय जमिनीला टेकतो, पुन्हा प्रयत्न होतो आणि मग सायकल सरळ धावू लागते. इतक्या वर्षांनी हे शरीराला आठवलं कसं? आणि आठवलं, तर ते हेलकावे कशाचे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडायला एका रुग्णाची मोठी मदत झाली. फिट्सचा त्रास थांबावा म्हणून १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पससह, काही भाग काढून टाकला गेला. त्यानंतर त्याला नवं काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला. मात्र हे आपण आधी केलंय, याची त्याला आठवणच नव्हती. काय घडलं याची स्मृती आणि कसं करायचं याची स्मृती मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळतो, हे त्यातून दिसलं. सायकल दुसऱ्या खात्यात जमा असते. ते खातं प्रामुख्याने लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेले चेतापेशींचे पुंजके चालवतात, आणि तिथली नोंद वर्षानुवर्षं टिकते.

ही नोंद नेमकी कसली असते? सायकल डावीकडे कलली की हँडलही डावीकडे वळवायचं, म्हणजे चाकं पुन्हा शरीराखाली येतात. उजवीकडे वळण घ्यायचं तर आधी हँडल क्षणभर डावीकडे जातं, मग शरीर उजवीकडे झुकतं. बहुतेक सायकलस्वारांना आपण असं करतो याचा पत्ताही नसतो. अमेरिकी अभियंता डेस्टिन सँडलिन याने उलट्या हँडलची सायकल बनवून घेतली होती. डावीकडे वळवलं की चाक उजवीकडे जायचं. युक्ती पूर्ण ठाऊक असूनही ती सायकल जमायला त्याला आठ महिने लागले. डोक्याला कळलं म्हणून शरीराला येतंच असं नाही.

आता हेलकाव्यांकडे वळू. ठरावीक वेगात सायकल बरीचशी स्वतःच तोल सावरते. शास्त्रज्ञांनी गणितासाठी घेतलेल्या एका नमुना सायकलीत हा पट्टा ताशी साधारण १५ ते २२ किलोमीटरचा निघतो. त्याहून कमी वेगात सगळी भिस्त चालवणाऱ्यावर. वेग जितका कमी, तितकं हँडल जास्त आणि झटपट वळवावं लागतं. नेमकं इथेच वय आडवं येतं. आतल्या कानातल्या, तोल टिपणाऱ्या केसपेशी वयाबरोबर कमी होतात. तळपायांची जाणीव मंदावते, मान पूर्वीसारखी मागे वळत नाही, झटकन आकसणारे स्नायुतंतू बारीक होतात. जुनी नोंद शाबूत असते, पण ती ज्या शरीरात झाली ते शरीर बदललेलं असतं. त्यामुळे लहान मेंदूला नवा हिशोब मांडावा लागतो आणि तो चुकांमधूनच जमतो. प्रत्येक हेलकावा ही त्याच्यासाठी कामाची माहिती असते. म्हणून सायकलकडे परतणाऱ्याने लांब पल्ल्याच्या आधी सावकाश चालवण्याचा सराव करावा: निघणं, थांबणं, एक हात सोडून खूण करणं, मान वळवून मागे बघणं.

सगळ्यात जपायचं ते चढता-उतरताना. घरोघरी सायकली असलेल्या नेदरलँड्समध्येही वयस्कर माणसं कुणाचा धक्का न लागता पडतात, आणि अशा पडण्यांत चढण्या-उतरण्याचा वाटा मोठा असतो. आपल्याकडच्या पुरुषांना तर एक पाय पायडलवर ठेवून, दुसऱ्याने रेटत, धावत्या सायकलवर टांग टाकायची सवय. साठीत खुबा तेवढा उघडत नाही. पाय कॅरिअरला अडकतो आणि माणूस सायकलीसकट आडवा होतो. मधला दांडा खाली असलेली, लेडीज म्हणून विकली जाणारी सायकल स्त्री-पुरुष दोघांनीही बेलाशक घ्यावी. दोन्ही ब्रेक दाबून धरावेत, सायकल किंचित आपल्याकडे कलवावी, पाय दांड्यावरून पलीकडे न्यावा आणि दोन्ही पाय जमिनीवर असतानाच सीटवर यावं. सुरुवातीला सीट खालीच असू द्यावी. तोल बसला की ती वर घ्यावी: पायडल अगदी खाली असताना टाच त्यावर टेकवली तर गुडघा सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. सीट कायम खाली ठेवली तर गुडघ्याच्या वाटीवरचा दाब वाढतो.

गुडघे दुखतील या भीतीने अनेक जण सायकलपासून लांब राहतात. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. सपाट रस्त्यावर आरामात सायकल चालवताना तो साधारण वजनाइतकाच असतो. वयाने बारीक झालेल्या स्नायूंचं काय? बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले, तेव्हा ते पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोपनहेगनच्या सुमारे ३० हजार लोकांच्या अभ्यासात, कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी कमी आढळला. अशा अभ्यासात सायकल हेच एकमेव कारण असल्याचं सिद्ध होत नाही, पण दिशा स्पष्ट आहे. एक उणीव मात्र ध्यानात ठेवावी. सायकलवर हाडांना वजन पेलावं लागत नाही, त्यामुळे हाडं बळकट करायला ती पुरत नाही. चालणं आणि जिने चढणं सोडू नये. हृदयविकार, चक्कर किंवा रक्तदाबाची औषधं असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावं. हेल्मेट तर हवंच.

प्रश्न उरतो जागेचा. राष्ट्रीय उद्यानातला सपाट रस्ता सकाळी उत्तम. तिथल्याच कान्हेरी लेण्यांचा चढ, आणि त्याहूनही परतीचा उतार, हात ब्रेकला सरावल्यावरच. गोरेगावच्या आरे कॉलनीत झाडांची सावली आहे, पण गाड्याही आहेत. घाटकोपर-मुलुंडच्या अनेक सोसायट्यांत पार्किंगमधून सायकल वळवायलाही जागा नाही. मुंबई महापालिकेने तानसा तलावाच्या जलवाहिन्यांलगत ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग आखला. पवई तलावातला महापालिकेचाच सायकल मार्ग उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, आणि ते योग्यच झालं. सायकलसाठी तलाव बुजवायची गरज नाही. सायकलकडे परतणाऱ्याला लागतो तो सपाट, सलग एक किलोमीटर, तोही सकाळचे दोन तास गाड्यांना बंद असलेला. असा एकेक रस्ता अंधेरीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक प्रभागात निघू शकतो. त्यासाठी नवं बांधकाम नको, दोन बॅरिकेड आणि एक वाहतूक हवालदार पुरे. आपापल्या वॉर्ड ऑफिसकडे ही मागणी साठीतल्या सायकलस्वारांनीच लावून धरली पाहिजे, कारण त्या एका किलोमीटरची गरज त्यांना सगळ्यात जास्त आहे.