राखेतून उगवणारे रान

मंडळी, वणवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळाठिक्कर पडलेला डोंगर उभा राहतो. पण आगीची तयारी करूनच बसलेले रान तुम्ही ऐकले आहे का? ऑस्ट्रेलियातल्या सिडनी या अफाट शहराच्या दक्षिणेला असे एक रान आहे. मुलूख मूळचा धरावल लोकांचा. १८७९ साली तिथल्या सरकारने तो राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला. यलोस्टोननंतरच्या अगदी जुन्या उद्यानांपैकी हे एक. ‘रॉयल’ हे नाव १९५५ सालचे. शहरातल्या माणसांना मोकळी हवा मिळावी, हा मूळ हेतू. त्या हौसेपायी इंडोनेशियातली हरणे, म्हणजे आपल्या सांबराची भावकीच, आणून सोडली. ती आजही तिथली कोवळी पालवी फस्त करताहेत!

जमीन वालुकाश्माची, निकस. तिच्यावर निलगिरीच्या कितीतरी जाती. उसाच्या कांडीवर डोळे असतात ना, तसे निलगिरीच्या सालीखाली डोळे झोपलेले असतात. शेंडा जळाला की ते जागे होतात आणि काळ्या खोडालाच पालवी फुटते.

बँक्सियाची तऱ्हा न्यारी. तिची कणसे लाकडासारखी टणक, बी आत वर्षानुवर्षे कोंडलेले. धग लागली की कणसाची तोंडे उघडतात आणि बी राखेवर पडते. कोकणात राब भाजून भाताचे बी टाकतात, तसाच प्रकार. फक्त इथे पेरणारा कुणी नाही.

१९९४ च्या जानेवारीत या उद्यानाचा नऊ-दशांशाहून अधिक भाग जळाला. तरी रान परत आले.

आता कुणी म्हणेल, मग आपला डोंगर पेटवायला काय हरकत? छे! आपल्याकडे दरसालच्या वणव्यात कोवळी रोपे जातात आणि उघडी माती पहिल्याच पावसात ओढ्याला लागते. आणि सिडनीच्या रानालाही दरसालची आग सोसणारी नव्हे. बँक्सियाच्या काही जाती आगीत मुळासकट मरतात. त्यांची सारी भिस्त बियांवर. नव्या रोपाला बी धरायला काही वर्षे लागतात. तेवढ्यात दुसरी आग आली, तर कणगीच रिकामी! २००१ च्या डिसेंबरात मोठा भाग पुन्हा जळाला. हवामान तापते आहे, तसे दोन आगींमधले अंतर कमी होईल, ही तिथली खरी चिंता. म्हणून कोणता तुकडा कोणत्या साली जळाला, याची तिथे नोंद असते. मुद्दाम बेताने जाळायचे झाले, तर आधी ती नोंद पाहतात.