नवा सर्व्हर घेण्यापूर्वी डिस्क तपासा

हिंगणघाटच्या बाजारात हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. काटा एकच असेल तर बैल कितीही तगडे असोत, गाडी जागची हलत नाही. जिनिंगवाल्याने किंवा आडत्याने एकाच सर्व्हरवर तीन व्हर्च्युअल मशीन चालविली की हेच होते. एकीवर हिशेब, दुसरीवर बिले, तिसरीवर कॅमेऱ्यांचे चित्रण, आणि खाली डिस्क मात्र एकच! जीएसटीचे विवरणपत्र भरायच्या दिवशी पडदा गोठतो. विक्रेता म्हणतो, प्रोसेसर बदला. आमचे म्हणणे असे की आधी डिस्क पाहा.

मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क विखुरलेली लहान कामे सेकंदाला जेमतेम शंभरच्या आसपास करते, कारण दर वेळी तिचा हात जागा शोधत फिरतो. साधी एसएसडी तीच कामे हजारोंनी उरकते. म्हणून हिशेब व बिले एसएसडीवर घ्यावीत. चित्रण एकसारखे लिहिले जाते, त्याला वेगळी स्वस्त हार्ड डिस्क पुरते. एवढ्यानेच बहुतेकांचे काम भागावे.

मशीनची डिस्क तयार करताना जागा आधीच पूर्ण राखून ठेवावी. गरजेप्रमाणे वाढणारी फाइल हार्ड डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पसरते, आणि मूळ डिस्क भरली की सारीच मशीन अडकतात. २००७ साली लिनक्समध्ये आलेले, फुकट मिळणारे केव्हीएम वापरत असाल तर डिस्कचा प्रकार 'आयडीई' न ठेवता 'व्हर्टआयओ' ठेवावा. मात्र विंडोज असेल तर त्याचा ड्रायव्हर आधी घालावा, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही. कोणी रेड-५ सुचविले तर ध्यानात घ्या, तिथे एका लहान नोंदीसाठी डिस्कवर चार कामे होतात. दोन एसएसडींची जोडी, म्हणजे रेड-१, छोट्या पेढीला बरी.

आता जोखमीची गोष्ट. स्नॅपशॉटला बॅकअप समजणारे व्यापारी थोडे नाहीत. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. शिवाय जुने स्नॅपशॉट साचले की मशीन मंदावते. तसेच गतीच्या मोहाने 'राइट-बॅक' कॅश चालू केली आणि वीज गेली, तर नुकत्याच केलेल्या नोंदी बुडू शकतात. यूपीएस भरवशाचा नसेल तर ती बंदच ठेवावी. हिशेबाची प्रत रोज संध्याकाळी वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावी आणि तो ड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी न्यावा.