बुजऱ्या घोड्याची हजामत

बेंगळुरूत थंडी ती काय, मग घोडा भादरायचा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण घोड्याच्या अंगावर किती केस यायचे, हे थंडीपेक्षा दिवसाची लांबी ठरवते. या शहरात डिसेंबरातला सगळ्यांत लहान दिवसही सव्वाअकरा तासांच्या पुढेच असतो. उत्तर जर्मनीत तो साडेसात तासांवर येतो. त्यामुळे इथल्या घोड्यांना जाड लोकर येत नाही. अपवाद दोन. एक, युरोपातून हिवाळी केसांसकट नुकताच उतरलेला घोडा. दुसरा, पिट्युटरी ग्रंथीच्या विकाराने केस गळायचेच थांबलेला म्हातारा घोडा. या दोघांचा घाम केसांत अडकतो, अंग तासन् तास ओलं राहतं आणि कातडीचे आजार मागे लागतात.

बाकीच्यांची हजामत किरकोळच. कानामागे लगामाचा पट्टा बसतो तिथली चार बोटं आयाळ, घोट्यामागचे झुपके, आणि टाके घालायचे किंवा सोनोग्राफी करायची तर डॉक्टर सांगतील तेवढा चौकोन. पण घोडं अडतं ते याच किरकोळ कामाला, कारण कानाजवळ मशीन आलं की भलेभले बुजतात. शहरातल्या रायडिंग स्कूलांत रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड बरेच असतात. पळायला जन्मलेली ही जात. आधी पळायचं आणि मग विचार करायचा, हा तिचा स्वभाव.

अशा घोड्यासाठी मशीन घ्यायला गेलं की दुकानदार खोक्यावरचा डेसिबलचा आकडा दाखवतो. त्यावर फार विसंबू नये. आवाज किती अंतरावरून मोजला हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा बिनकामाचा, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनी उतरतो. शिवाय माणसाला जास्तीत जास्त 20 हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, घोड्याला सुमारे 33 हजारांपर्यंत. आपल्याला गप्प वाटणाऱ्या मोटरची बारीक किरकिर त्याच्या कानात चालूच असू शकते.

तेव्हा दुकानात तीन गोष्टी पाहा. बटण दाबताना होणारा आवाज ही पहिली. चुंबकावर चालणारी स्वस्त मशीनं चालू होताना ‘खट्ट’ असा दणका देतात, आणि सलग घरघरीपेक्षा घोडा या एका दणक्यालाच जास्त दचकतो. दुसरी, थरथर. मशीनची मागची बाजू (पात्याची नव्हे) आपल्याच कानामागच्या हाडाला टेकवून बघा. हातात सौम्य वाटलेलं मशीन तिथे कवटीभर घुमायला लागलं, तर घोड्याच्या टाळूवर ते काय करील याचा अंदाज येतो. तिसरी, उष्णता. दहा मिनिटं चालू ठेवून पातं मनगटाच्या आतल्या बाजूला लावा. चटका बसला तर ते परत ठेवा.

गोंगाटाचा निम्मा दोष मात्र मशीनचा नसतोच. खरारा न करता, धुळीने भरलेल्या अंगावर मशीन चालवलं की पाती बोथट होतात, केस कापण्याऐवजी ओढतात, आणि तेल नसेल तर कर्कश ओरडतात. दर पाच-दहा मिनिटांनी थांबून पाती झटकायची आणि तेलाचे दोन थेंब सोडायचे. जुना मोतद्दार हे न सांगता करतो. साध्या कामाला 10 नंबरचं पातं पुरतं. ते दीड मिलिमीटरच्या आसपास केस ठेवतं.

वायरवालं मशीन ताकदवान असतं, पण ओल्या फरशीवर लोखंडी नाल ठोकलेला घोडा आणि पायात घोटाळणारी वायर, हा योग टाळलेलाच बरा. घ्यायचंच तर विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर आधी बसवून घ्या.

सवय लावताना मशीन पहिल्या दिवशी अंगाला लावायचंच नाही. समोर चंदीचा तोबरा, आणि मशीन दहा-पंधरा पावलांवर चालू. पुढे बंद मशीन खांद्यावर फिरवायचं. मग आपला तळहात त्याच्या खांद्यावर आणि चालू मशीन आपल्या हातावर, म्हणजे थरथर गाळून पोचते. कान सगळ्यांत शेवटी. मुख्य गोष्ट, घोडा शांत उभा राहिला की मशीन बाजूला घ्यायचं. तो झटका देतो तेव्हाच घेतलं, तर झटका दिला की सुटका होते एवढंच तो शिकतो.

कान पिळून घोडा उभा करायची जुनी रीत अनेक तबेल्यांत अजून आहे. ती सोडा, नंतर तो घोडा कानाला हातच लावू देत नाही. अगदीच जमेना तर पशुवैद्याकडून गुंगीचं इंजेक्शन देववावं. पण गुंगीतलाही घोडा अचानक लाथ मारतो, आणि स्पर्धा जवळ असेल तर ते औषध प्रतिबंधित यादीत असतं. नाकाजवळच्या लांब मिशांना तर हात लावूच नका. त्यांनी घोडा चाचपतो. 1 जुलै 2021 पासून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत मिशा कापलेल्या घोड्याला उतरता येत नाही.

पूर्ण अंग भादरायला मोठं मशीन लागतंच, लहान मशीनची मोटर तिथे दम टाकते. पण बेंगळुरूत ती वेळ क्वचितच येते. एकच घेणं परवडत असेल तर लहान, बॅटरीवालं घ्या आणि उरलेल्या पैशांतून पात्यांची एक जादा जोडी.