वेळापत्रक हरवलं नाही, रिमोटमध्ये गेलं

वर्तमानपत्रांतला टीव्हीच्या कार्यक्रमांचा रकाना आक्रसत गेला, तसा एक समज पक्का होत गेला: कुठे काय लागणार हे आता फक्त इंटरनेटवर कळतं आणि स्मार्टफोन न वापरणाऱ्या ज्येष्ठांनी ते नातवंडांनाच विचारावं. वस्तुस्थिती वेगळी आहे. 2012 मध्ये मुंबईसह चार महानगरांत केबलचं डिजिटलीकरण सुरू झालं आणि घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. डिजिटल प्रक्षेपणात चित्र आणि आवाजाबरोबर कार्यक्रमाचं नाव, सुरू होण्याची वेळ आणि कालावधी हा मजकूरही त्याच सिग्नलमधून येऊ शकतो. रिमोटवरचं 'गाइड' किंवा 'ईपीजी' हे बटण दाबलं की त्याचा तक्ता पडद्यावर उमटतो. बहुतेक बॉक्सवर डावीकडे वाहिन्या, वर वेळा आणि मधल्या चौकटींत कार्यक्रम असतात. उजवा बाण दाबत गेलं की संध्याकाळचे, पुष्कळदा उद्याचेही कार्यक्रम दिसतात. त्यासाठी वाय-फाय लागत नाही.

'बटण दाबलं आणि पैसे कापले गेले तर?' ही भीती अगदीच निराधार नाही, कारण डीटीएचवर जादा शुल्काच्या सेवा असतात. पण हा तक्ता त्यांत मोडत नाही. तो नेहमीच्या सेवेचाच भाग आहे. 2004 मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत डीटीएच सेवेला, म्हणजे आजच्या डीडी फ्री डिशला, तर मासिक शुल्कच नाही. म्हणून नुसतं वेळापत्रक दाखवण्यासाठी कोणी कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागितला, तर तो देऊ नये.

'आमच्याकडे गाइड चालत नाही', 'त्यातल्या वेळा चुकीच्या असतात', असंही ऐकू येतं. पुष्कळदा चूक रिमोटची असते. टीव्हीच्या रिमोटवरही गाइडचं बटण असतं, पण आपल्याला हवा असतो तो सेट टॉप बॉक्सचा रिमोट. सगळ्याच वेळा साडेपाच तास मागे दिसत असतील, म्हणजे संध्याकाळी सातचा कार्यक्रम दुपारी दीडला, तर बॉक्स जागतिक प्रमाणवेळ दाखवतो आहे. सेटिंगमध्ये अधिक 5:30 निवडलं की काम झालं. काही वाहिन्या माहिती अपुरी पाठवतात, आणि लांबलेला क्रिकेटचा सामना किंवा ऐनवेळी ठरलेला महाएपिसोड तक्ता बिघडवतो, हेही खरं. पण छापील रकान्याला तर ऐनवेळचा बदल कळण्याची सोयच नव्हती.

खरा आक्षेप निराळा आहे: अक्षरं बारीक आणि बटणांवरची नावं इंग्रजी. तो मान्यच करायला हवा, कारण ही अडचण वयाची नसून मांडणीची आहे. त्यावर उपायही साधा आहे. दैनंदिन मालिकांची वेळ सहसा रोज तीच असते. तेव्हा आवडीच्या आठ-दहा कार्यक्रमांची नावं, वेळा आणि वाहिनी क्रमांक ठळक मराठी अक्षरांत एका कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवावेत, गाइडच्या बटणावर लाल टिकली लावावी आणि ते बटण दोन-तीनदा स्वतः ज्येष्ठांच्याच हातून दाबून घ्यावं. रोज वेळ सांगत बसण्यापेक्षा एकदा बटण दाखवणं केव्हाही बरं.